पुण्यात घर शोधताय? आधी भाग पक्का करा, फ्लॅट नंतर बघा

पुण्यात घर शोधणारे बहुतेक जण उलट्या बाजूने सुरुवात करतात. आधी फ्लॅटचे फोटो आवडतात, मग भाडं किंवा हप्ता परवडतो का ते पाहिलं जातं. त्या भागात पाणी किती वेळ येतं, ओढा कुठून वाहतो, सकाळी नऊला चौक ओलांडायला किती वेळ लागतो, हे टेम्पो सामान उतरवून निघून गेल्यावर कळतं. मग अकरा महिने कुरकुर, किंवा वीस वर्षांचा हप्ता.

खाली दिलेला क्रम भाड्याने राहणाऱ्यांना आणि विकत घेणाऱ्यांना, दोघांनाही चालतो. विकत घेणाऱ्याने समोरच्या रिकाम्या प्लॉटचा भाग जास्त लक्ष देऊन वाचावा. सगळं नीट करायचं तर तीन-चार आठवडे लागतात.

घरातल्यांचे फेरे कागदावर लिहा

घरात चार माणसं असतील तर चौघांचे आठवड्याचे फेरे लिहून काढा. कोण, कुठे, आठवड्यातून किती वेळा, किती वाजता निघतं आणि किती वाजता परततं. ऑफिस, शाळा, क्लास, आईवडिलांचा दवाखाना, सासर-माहेर, सगळं. मग प्रत्येक ठिकाणापुढे आठवड्याच्या फेऱ्यांचा आकडा मांडा. नकाशावर घर कुठे असावं, हे या आकड्यांवरून बरंचसं उमगतं.

एक जण हिंजवडीला आणि दुसरा खराडीला, असं जोडपं पुण्यात घरोघरी सापडतं. 'दोघांना मधे पडेल' म्हणून शिवाजीनगरच्या आसपास घर घेतलं तर दोघांनाही रोज शहर तुडवावं लागतं. त्यापेक्षा ज्याला रोज जावंच लागतं, ज्याची वेळ ठरलेली आहे आणि ज्याला घरून काम करायची मुभा नाही, त्याच्या बाजूला घर घ्यावं. चाकण, रांजणगावला कंपनीच्या बसने जाणाऱ्यांनी तर आधी बसचे थांबे विचारून घ्यावेत. थांब्यापासून चालत दहा मिनिटांत पोचता येईल असं घर मिळालं, तर अर्धा प्रश्न सुटतो.

मुलाला आरटीईच्या (शिक्षण हक्क कायद्याच्या) २५ टक्के कोट्यातून प्रवेश हवा असेल तर घराचा पत्ता थेट कामाला येतो. सोडतीत शाळेपासून एक किलोमीटरच्या आत राहणाऱ्यांचा आधी विचार होतो, मग एक ते तीन किलोमीटरवाल्यांचा. भाड्याच्या घराला नोंदणीकृत करार लागतो, आणि तो अर्ज भरण्याच्या आधीचा असावा लागतो.

वेळ मोजा, किलोमीटर मोजू नका

एजंटच्या 'पाच मिनिटांवर'चा अर्थ रविवारी पहाटे सहाला पाच मिनिटं, असा घ्यावा. गुगल मॅप्सवर निघण्याची वेळ मंगळवार किंवा बुधवार सकाळी ८:४५ अशी टाका. '३५ ते ७०' असा पल्ला दाखवला तर ७० धरा. परतीसाठी संध्याकाळी ६:३० टाकून पुन्हा बघा. नंतर एकदा तरी त्या वेळेला प्रत्यक्ष जाऊन या. पावसाळी शुक्रवारी गेलात तर उत्तमच, कारण सगळ्यात वाईट आकडा त्याच दिवशी मिळतो.

अडकण्याच्या जागा ठरलेल्या आहेत. हिंजवडीसाठी भूमकर चौक आणि वाकडचा पूल, सिंहगड रस्त्यासाठी धायरी फाटा, आंबेगाव-नऱ्हेसाठी नवले पूल, वाघोलीसाठी नगर रस्ता, उंड्री-पिसोळीसाठी कोंढव्याच्या बाजूचे रस्ते, चाकणसाठी तळेगाव चौक. तुमच्या रोजच्या वाटेवर असा एक चौक आला तर सांभाळून घेता येतं. दोन आले तर दुसरा भाग बघा.

मेट्रोचा हिशेब वेगळा करावा लागतो. आधी सुरू झालेल्या दोन मार्गिका अशा: पिंपरी-चिंचवड महापालिका ते स्वारगेट आणि वनाज ते रामवाडी. त्या सिव्हिल कोर्टला एकमेकींना छेदतात. कोथरूडमधून कल्याणीनगरला किंवा पिंपरीहून मंडईला जाणाऱ्यांचं जगणं यांनी खरोखर सोपं केलं. पण फायदा तेव्हाच, जेव्हा घर स्टेशनपासून ८०० मीटरच्या आत असतं आणि उतरल्यावर कामाची जागाही तशीच जवळ असते. दोन्ही टोकांना रिक्षा करावी लागली की माणूस महिन्याभरात परत दुचाकीवर येतो.

'मेट्रो येतेय' या वाक्याला पैसे मोजू नका. हिंजवडी–शिवाजीनगर मार्गाचं भूमिपूजन डिसेंबर २०१८ मध्ये झालं आणि प्रत्यक्ष काम सुरू व्हायला २०२१ चं वर्षअखेर उजाडलं. मधल्या काळात त्या मेट्रोच्या नावाने किती फ्लॅट विकले गेले असतील याची कल्पना करा. खांब उभे आहेत म्हणजे गाडी धावते असं नाही. उलट खांब उभे राहत असताना रस्ता निम्मा होतो.

लांबच्या स्वस्त घराचा खर्चही मांडून बघा. एका बाजूला १२ किलोमीटर जास्त म्हणजे रोज २४, आणि २२ दिवसांचे ५२८ किलोमीटर. पेट्रोल लिटरला १०५ रुपये धरलं, तर ४५ चा अॅव्हरेज देणाऱ्या दुचाकीला महिन्याला सुमारे १,२३० रुपये आणि १४ चा अॅव्हरेज देणाऱ्या कारला सुमारे ३,९६० रुपये लागतात. त्यात रोजचा दीड तास जास्त म्हणजे महिन्याचे ३३ तास. भाड्यातली बचत या दोन आकड्यांसमोर ठेवा आणि मग ठरवा.

पाणी: इथे घाई करू नका

पुण्यात भागाभागांतला खरा फरक पाण्याचा आहे. खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर ही चार धरणं शहराची. पूर्वेकडच्या वडगाव शेरी, खराडी, धानोरी या पट्ट्याला भामा आसखेडचं पाणी मिळतं. पिंपरी-चिंचवड पवना धरणावर चालतं आणि तिथे नोव्हेंबर २०१९ पासून दिवसाआड पाणी येतं. दिवसाआड म्हणजे वाईटच असं नाही. सोसायटीची टाकी दोन दिवसांचा साठा धरणारी असेल तर फारसं जाणवत नाही. नसेल तर रोज जाणवतं.

२०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावं पुणे महापालिकेत आली. लोहगाव, उंड्री, धायरी, आंबेगाव ही पहिल्या यादीतली. वाघोली, नऱ्हे, सूस, म्हाळुंगे, बावधन बुद्रुक, पिसोळी, मांजरी बुद्रुक ही दुसऱ्या यादीतली. गाव महापालिकेत आलं म्हणजे नळाला पाणी आलं, असं समजू नका. हद्द एका अधिसूचनेने बदलते. जलवाहिनी टाकायला खोदावं लागतं. या पट्ट्यातल्या अनेक इमारतींना परवानगी देताना, महापालिकेचं पाणी मिळेपर्यंत आपण पुरवू असं हमीपत्र बिल्डरकडून घेतलेलं असतं. ते हमीपत्र मागा. बिल्डरने सोसायटी हस्तांतरित केली की टँकरचं बिल रहिवाशांवर येतं, आणि तिथूनच भांडणं सुरू होतात.

टँकरचा हिशेब स्वतः करता येतो. माणशी दिवसाला १३५ लिटर हे शहरी पाणीपुरवठ्याचं रूढ प्रमाण आहे. ८० फ्लॅट, घरटी चार माणसं, म्हणजे ४३,२०० लिटर. समजा नळाचं पाणी २०,००० लिटर येतं. उरलेल्या २३,२०० लिटरसाठी १०,००० लिटरचे तीन टँकर रोज. टँकरला १,००० रुपये धरले तर महिन्याला ९०,००० आणि फ्लॅटमागे १,१२५ रुपये. दर तिथला विचारून घाला, उन्हाळ्यात तो चढतो. जाहिरातीतल्या 'मेंटेनन्स'मध्ये ही रक्कम सहसा धरलेली नसते.

चेअरमनला 'पाणी कसं आहे?' विचारलं तर 'भरपूर' हेच उत्तर येणार. विचारायचे प्रश्न वेगळे आहेत:

- मागच्या एप्रिल आणि मे महिन्यात टँकरवर किती खर्च झाला? (सोसायटीच्या हिशेबात हा आकडा असतोच.)
- शुक्रवारी सकाळी पाणी कसं येतं? दुरुस्तीसाठी महापालिका एखाद्या गुरुवारी पाणी बंद ठेवते, आणि शुक्रवारी 'उशिरा आणि कमी दाबाने' येईल असं जाहीर करते. चढावरच्या आणि वाहिनीच्या शेवटच्या टोकाच्या सोसायट्यांना ते कधीकधी शनिवारीच मिळतं.
- भोगवटा पत्र (इमारत वापरायला महापालिकेने दिलेली परवानगी) मिळालंय का? ते नसेल तर नियमित नळजोड अडकतो.
- एसटीपी (सांडपाणी शुद्ध करणारा प्रकल्प) चालू आहे का? चालू असेल तर फ्लशला आणि झाडांना वेगळं पाणी मिळतं, टँकर कमी लागतो. बंद असेल तर वास आधी सांगतो.

वॉचमनला एकच प्रश्न: आज किती टँकर आले? त्याला लपवायचं काही कारण नसतं.

खिशात टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा) ठेवा, दोन-तीनशे रुपयांना मिळतो. स्वयंपाकघरातलं पाणी मोजा. धरणाचं पाणी साधारण शंभर-दीडशेच्या आत दाखवतं. ५०० च्या पुढे आकडा गेला तर बोअरचं पाणी मिसळलंय असं समजा. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात ५०० ही इष्ट मर्यादा आहे. मीटर नसेल तर बाथरूमचा शॉवर आणि नळाची तोटी बघा. पांढरा खडखडीत थर बसलेला असेल तर गिझरची कॉइल आणि वॉशिंग मशीन वरचेवर दुरुस्तीला जाणार. मात्र टीडीएस कमी म्हणजे पाणी शुद्ध, असं नाही. जंतू या मीटरवर दिसत नाहीत. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता, नांदेड, किरकटवाडी भागात जीबीएसचे (गिलेन-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे) रुग्ण वाढले, तेव्हा बोट पाण्याकडेच गेलं होतं. टँकर कुठल्या विहिरीवर भरतो आणि सोसायटी टाकीत क्लोरीन टाकते का, हेही विचारा.

ओढा कुठे होता?

पुण्याचा पूर म्हटलं की पानशेत आठवतं, १२ जुलै १९६१. पण आज घर घेणाऱ्याने २५ सप्टेंबर २०१९ ची रात्र लक्षात ठेवावी. त्या रात्री धरण फुटलं नव्हतं. कात्रजकडून येणाऱ्या आंबिल ओढ्याला ढगफुटीसारख्या पावसाने लोंढा आला, अरण्येश्वर, सहकारनगर भागात भिंती कोसळल्या, गाड्या वाहून गेल्या आणि माणसं दगावली. नदीपासून दूर राहणाऱ्यांना आपण पुराच्या वाटेवर आहोत याचा पत्ताच नव्हता. २५ जुलै २०२४ ला सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत खडकवासल्याच्या विसर्गाचं पाणी पहाटे घरात शिरलं. भिडे पूल पाण्याखाली गेला की पुणेकर गंमत म्हणून बघायला जातात. एकतानगरीत त्याच वेळी पार्किंगमधल्या गाड्या हलवत असतात.

तपासायचं असं. महापालिकेच्या विकास आराखड्याच्या नकाशावर नदीची निळी आणि लाल पूररेषा असते. निळी म्हणजे २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची पातळी, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. दोन्हींमधल्या पट्ट्यात बांधकाम अटींसह होऊ शकतं. म्हणून 'परवानगी आहे' याचा अर्थ 'पाणी येणार नाही' असा होत नाही.

ओढे नकाशावर नेहमी सापडतात असं नाही. पाइपात घातलेले, वळवलेले, वरून रस्ता केलेले ओढे पुण्यात बरेच आहेत. गुगल अर्थवर जुनी उपग्रहचित्रं काढा, २००५ च्या आसपासची. हिरवी वाकडीतिकडी रेघ जिथून जाते तिथे पाणी जात होतं, आणि पावसाळ्यात ते जुनी वाट धरतं. भागात फिरताना रस्त्याचा उतार बघा. दोन्ही बाजूंनी उतरून मधे सखल होणारी जागा, तिथे रुंद चेंबर, आणि तळमजल्याच्या भिंतीवर गुडघ्याएवढ्या उंचीला ओलीची रेघ. एवढं दिसलं तर पानाच्या टपरीवाल्याला विचारा. तळमजल्यावरचे दुकानदार पाणी किती चढलं ते हाताने दाखवतात.

सोसायटीची सीमाभिंत ओढ्याला लागून असेल, तर वरच्या मजल्यावरच्या घरालाही धोका आहे. लिफ्टचा खड्डा, मीटर रूम, पाण्याची जमिनीखालची टाकी हे सगळं खालीच असतं. तळघरातल्या पार्किंगमध्ये पंप आहे का आणि तो जनरेटरवर चालतो का, तेही बघून घ्या.

समोरच्या रिकाम्या प्लॉटचं काय होणार?

हा भाग विकत घेणाऱ्यांसाठी. विकास आराखड्यात तीन गोष्टी शोधा: समोरच्या रस्त्याची नियोजित रुंदी, रिकाम्या जमिनीवरचं आरक्षण, आणि टेकडी असेल तर तिथला झोन. आज नऊ मीटरचा शांत रस्ता आराखड्यात २४ मीटरचा असेल तर उद्या तो वाहता होणार, आणि कदाचित सोसायटीच्या समोरची जागाही त्यात जाणार. बाल्कनीतून दिसणारी 'ओपन व्ह्यू'ची जमीन आरक्षित नसेल तर तिथे टॉवर येईल असं धरूनच चाला. मैदानाचं आरक्षण असलं तरी ताब्यात घेतलेलं आणि न घेतलेलं यात फरक असतो. बीडीपी (टेकड्यांवरचं जैवविविधता उद्यानाचं आरक्षण) पट्ट्याला लागून घर असेल तर हिरवळ टिकण्याची शक्यता बरी, पण टेकडी फोडून केलेली उभी कड मागे असेल तर पावसाळ्यात माती कुठे घसरते ते बघा.

गुंठेवारीच्या (गुंठ्यांनी पाडलेल्या, बहुधा मंजुरीविना विकलेल्या प्लॉटच्या) वस्त्यांमध्ये घरं स्वस्त मिळतात. तिथे गल्ली मोजा. अग्निशामक गाडी आत येईल का, दोन कार समोरासमोर आल्या तर कोण मागे जातं, रुग्णवाहिका कुठे थांबते. गल्ली चार मीटरची असेल आणि दोन्ही बाजूंना गाड्या लावलेल्या असतील, तर उत्तर तुम्हाला तिथेच मिळेल. प्रकल्प नवा असेल तर महारेराच्या (राज्याच्या गृहप्रकल्प नियामक प्राधिकरणाच्या) संकेतस्थळावर नोंदणी क्रमांक टाकून मंजूर नकाशे, ताब्याची तारीख आणि तक्रारी वाचा. तिथे जोडलेला लेआउट आणि विक्री ऑफिसातलं चकचकीत मॉडेल बऱ्याचदा जुळत नाहीत.

आवाज, वास, डास

निवासी भागासाठी आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे, कागदावर. प्रत्यक्षात कुठल्या भागात काय ऐकू येतं ते असं: लोहगाव, विमाननगर, टिंगरेनगर, धानोरीत लढाऊ विमानं, म्हात्रे पूल ते राजाराम पूल डीपी रस्त्यावर लग्नाची लॉन्स, कोरेगाव पार्क, मुंढवा आणि बालेवाडीच्या हाय स्ट्रीटजवळ रात्रीच्या गाड्या. पेठांमध्ये वर्षभर शांतता असते आणि गणपतीत नसते. विसर्जनाची मिरवणूक २४ तासांच्या पुढे जाते आणि त्या काळात लक्ष्मी, कुमठेकर, टिळक रस्त्याच्या आत गाडी येत नाही. घरात आजारी माणूस असेल तर हे आधीच बघावं. बाकी पेठांसारखी चालत दहा मिनिटांत भाजी, दवाखाना, बँक, अभ्यासिका आणि मेस देणारी जागा शहरात दुसरी नाही. अडचण एकच, पार्किंग. गाडी असेल तर भाड्यासोबत जागा लेखी मागा.

वासासाठी उरुळी देवाची-फुरसुंगीच्या कचरा डेपोच्या बाजूला संध्याकाळी वारा पडल्यावर जा. डासांसाठी नदीकाठी जानेवारी ते मार्चमध्ये, दिवेलागणीला. जलपर्णी माजली की केशवनगर, खराडीला खिडक्या उघडता येत नाहीत. फेब्रुवारी २०२४ मध्ये तिथे नदीवर कीटकांचे वावटळीसारखे उंच थवे दिसले होते. ब्रोकर घर दाखवतो सकाळी अकराला. तेव्हा एकही डास नसतो.

तीन फेऱ्या, पायी

यादी दोन-तीन भागांवर आली की प्रत्येक ठिकाणी तीनदा जा.

पहिली फेरी कामाच्या दिवशी सकाळी ८ ते ९:३०. सोसायटीच्या गेटपासून मुख्य रस्त्यापर्यंत चालत जा, घड्याळ लावून. फूटपाथ आहे का, स्कूलबस कुठे थांबते, पीएमपीची बस किती मिनिटांनी येते आणि आली तर आत पाय ठेवायला जागा असते का, हे बघा. वेळापत्रकावर विसंबू नका, अर्धा तास थांब्यावर उभे राहा.

दुसरी रात्री ९:३० ते १०:३०. उघडी दुकानं मोजा, बंद दिवे मोजा. एकट्या राहणाऱ्या किंवा उशिरा परतणाऱ्या बाईने ही फेरी स्वतः करावी, घरच्या पुरुषाच्या मतावर सोडू नये. त्याच वेळी स्टेशन किंवा स्वारगेटहून त्या भागासाठी अॅपवर रिक्षा बोलवा. तीनदा कॅन्सल झाली तर तो भाग रिक्षावाल्यांच्या लेखी शहराबाहेर आहे. रात्री उघडं असणारं मेडिकल आणि आयसीयू असलेलं रुग्णालय किती मिनिटांवर आहे, तेही याच फेरीत गाडी चालवून मोजा.

तिसरी रविवारी दुपारी. फोनला रेंज घराच्या आत, किचनमध्ये आणि लिफ्टजवळ बघा. इंटरनेटच्या किमान दोन कंपन्यांच्या वायरी इमारतीत आल्यात का, विचारा. विजेबद्दल थेट विचारण्याऐवजी जनरेटरला महिन्याला किती डिझेल लागतं ते विचारा. अविवाहितांना किंवा मांसाहारी कुटुंबांना सोसायटी काही तोंडी अटी घालते का, तेही याच दिवशी सेक्रेटरीकडून स्पष्ट करून घ्या. टोकन दिल्यावर हे कळलं तर पैसे सोडवताना नाकी नऊ येतात.

विकत घेण्याआधी एक पावसाळा

घर घ्यायचंच असेल आणि घाई नसेल, तर त्याच भागात, शक्यतो त्याच सोसायटीत, भाड्याने राहून बघा. करार एप्रिलमध्ये सुरू करा. उन्हाळ्यातले टँकर आणि पावसाळ्यातलं पाणी दोन्ही एकाच करारात बघून होतात. लिव्ह अँड लायसन्स करार, म्हणजे घराचा भाडेकरार, महाराष्ट्रात नोंदवावाच लागतो. महापालिका हद्दीत नोंदणी शुल्क १,००० रुपये आहे, मुद्रांक शुल्क कराराच्या एकूण रकमेच्या ०.२५ टक्के, आणि ऑनलाइन नोंदणी घरबसल्या होते.

करारात लॉक-इन (ज्या काळात करार मोडता येत नाही तो) तीन महिन्यांपेक्षा जास्त ठेवू नका, नोटीस एक महिन्याची. टँकरचा जादा खर्च घरमालक देणार की भाडेकरू, हे वाक्य लिहून घ्या. छापील मसुद्यात ते नसतं. पार्किंगचा क्रमांक, पाण्याचं मीटर वेगळं असेल तर त्याचं सुरुवातीचं रीडिंग आणि भिंतींच्या ओलीचे फोटो तारखेसह मालकाला व्हॉट्सअॅपवर पाठवून ठेवा. डिपॉझिट परत मागताना हेच तीन पुरावे कामाला येतात.